शेवटचा नळ

दसरा झाला की आमच्या पालीतून मांजरसुंब्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत माणसं आणि माणसांखाली त्यांचा संसार. ही गाडी कशी भरतात ते मला पाठ आहे. तळाला बाजरीची पोती, त्यावर कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे, बांबू आणि ताडपत्री, त्यावर भांडी, वर गोधड्या. कोंबड्या डालग्यात. शेळी असली तर मागच्या फाळक्याला बांधलेली. कोयते मात्र वेगळे, गोणपाटात गुंडाळून घरातल्या बाईच्या मांडीशी ठेवलेले.

गेल्या वर्षी चहाच्या टपरीपाशी अशी एक ट्रॉली थांबली. गोधड्यांच्या ढिगावर अकरा-बारा वर्षांची पोर बसली होती, मांडीवर धाकटा भाऊ. मी विचारलं, "कितवीला हाईस गं बाय?" ती म्हणाली, "सातवीला व्हते." शाळेच्या हजेरीत तिचं नाव त्या दिवशीही असणार. तिनं मात्र ते स्वतःपुरतं कमी करून टाकलं होतं. ट्रॅक्टर निघून गेला आणि मी धरणाच्या बाजूला तोंड करून किती तरी वेळ तशीच उभी राहिले. तिच्या वयाची असताना मीही अशाच ढिगावर बसून गेले होते. तीन हंगाम.

बिंदुसरा धरणाच्या काठचं पाली हे माझं सासर. माहेर याच बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगराकडं, मांगवाड्यातलं. पुढं शिकले, बीडला समाजशास्त्र शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. वर्गात एक गोष्ट सांगायला मला दरवर्षी सगळ्यात जड जायचं. पोरं म्हणायची, "मॅडम, आता कोण जात पाळतं? आमच्या घरी तर सगळे येतात, जेवतात." पोरं खोटं बोलत नव्हती. तरीही गावात काही माणसांच्या वाट्याला पाणी कमी, जमीन कमी, शाळा कमी आणि आयुष्यही कमी येतच होतं. माणसं चांगली असूनही असं कसं होतं, हे समजावताना मी परदेशी पुस्तकांच्या आधी माझ्या माहेरच्या नळापासून सुरुवात करायची.

१९८३ साली आमच्या गावात नळ आला. टाकी देवळामागं. तिथून पेठेपर्यंत जाड पाइप, पेठेपासून शाळेपर्यंत त्याहून बारीक, आणि शाळेपासून ओढा ओलांडून आमच्या वाड्याच्या चढापर्यंत अंगठ्याएवढी. सकाळी सहाला पाणी सुटायचं. आमच्याकडं पोचेपर्यंत त्यातला जोर संपलेला. मग वाड्यातल्या बायकांनी नळाखाली कमरेएवढा खड्डा खणला, उभी नळी कापली आणि तोटी खड्ड्यात उतरवली. तेवढं खाली गेल्यावर करंगळीएवढी धार लागायची. माझी माय त्या खड्ड्यात उतरायची, तोटीखाली वाटी धरायची आणि वाटीनं घागर भरायची. एका घागरीला किती वाट्या लागतात ते मला अजून आठवतं. पावसाळ्यात खड्ड्यात गढूळ पाणी साचायचं आणि तोटी त्यात बुडायची.

हे कुणी मुद्दाम केलं होतं का? मोठी झाल्यावर मी शोध घेतला. ज्यानं आराखडा काढला, त्यानं ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधल्या, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीतल्या, घरांची संख्या मोजून पाइपचं माप धरलं. आमची घरं नमुना आठला नव्हतीच, कारण ती गावठाणाच्या हद्दीबाहेर होती. हद्दीबाहेर का? आमच्या पणजोबांच्या पिढीनं गावाबाहेरच राहायचं, असा रिवाज होता म्हणून. रिवाज घालणारी माणसं कधीच मातीत गेली. आराखडा काढणाऱ्याला आमची जात माहीतसुद्धा नसेल. तरी शंभर वर्षांपूर्वीची शिवाशिव लोखंडी पाइपच्या मापात उतरून माझ्या मायच्या खड्ड्यापर्यंत आली.

अमेरिकेत या गोष्टीला नाव मिळालं १९६७ साली. स्टोकली कारमायकल आणि चार्ल्स हॅमिल्टन या दोघांनी 'ब्लॅक पॉवर' नावाच्या पुस्तकात बर्मिंगहॅम शहराचं उदाहरण दिलं. तिथं गोऱ्या दहशतवाद्यांनी काळ्या लोकांच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवला आणि मुली मारल्या, तेव्हा देश हळहळला. त्याच शहरात दरवर्षी पाचशे काळी बाळं धड अन्न, निवारा आणि औषध नसल्यानं दगावतात, त्याबद्दल मात्र कुणी हळहळत नाही, कारण तिथं बोट दाखवायला एक माणूस सापडत नाही. पहिला वंशद्वेष माणसाच्या मनातला, दुसरा व्यवस्थेत मुरलेला. अभ्यासक त्याला संस्थात्मक किंवा संरचनात्मक वंशवाद म्हणतात. शब्द अवघड वाटला तर खड्ड्यातली तोटी आठवायची, असं मी पोरांना सांगायची.

वंश आणि जात एक नव्हेत, हे खरं. पण ही तुलना आपण परक्यांकडून उसनी आणलेली नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि काळ्या लोकांची गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र पाठवलं आणि त्यांचं उत्तरही आलं. आमच्या मराठवाड्यापुरतं बोलायचं तर तेव्हाच्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातले म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले ते काळ्या लेखकांची ओळख घेऊन, आणि इथल्या दलित लेखकांना त्यांनी ती करून दिली. लातूरचे जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली तीही ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. माझ्या पिढीच्या पोरापोरींना न्यूयॉर्कचं हार्लेम ठाऊक झालं ते या माणसांमुळं. तोवर पुणेसुद्धा पाहिलेलं नव्हतं आम्ही.

अमेरिकेत आधी रंग दिसतो. आपल्याकडं आडनाव विचारतात. बीडला खोली शोधणाऱ्या माझ्या विद्यार्थिनी सांगायच्या, घरमालकीण आधी गोड बोलते, चहाही देते. मग विचारते, "पूर्ण नाव काय गं?" आडनावावरून उलगडा झाला नाही, तर "पाहुणे कुठले तुमचे?" आणि तेवढ्यानंही नाही भागलं, तर "घरात देव कोणता?" मग खोली पुतण्यासाठी ठेवलेली निघते.

हे नुसतं ऐकीव नाही, याचं मोजमाप झालेलं आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी नोकरीच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, पात्रता सारखी, वेगळं होतं ते फक्त नाव. २००७ साली निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावाला एक-तृतीयांश. अमेरिकेत अशीच तपासणी आधी झाली होती. तिथं गोरं वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा दीडपट बोलावणी आली. त्याच सुमाराला, २००६ साली, महाराष्ट्रासह अकरा राज्यांतल्या ५६५ गावांचा अस्पृश्यतेवरचा अभ्यास पुस्तकरूपानं आला. जवळपास निम्म्या गावांत दलितांना सार्वजनिक पाणवठ्यावर अटकाव होता. हा आकडा वाचला त्या रात्री मी मायला फोन केला. काय बोलायचं ते सुचेना. "माय, आज पाणी आलं का?" एवढंच विचारलं.

आता उसाकडं वळते, कारण बीडबद्दल बोलायचं आणि उसाबद्दल नाही, हे जमणारच नाही.

फडात शिरण्याआधी एक शब्द समजून घ्यावा लागतो, 'सामाजिक वगळणूक'. त्याचा उगम फ्रान्समधला मानतात. रने लनुआर यांनी १९७४ साली वगळलेल्या माणसांवर पुस्तक लिहिलं, तिथून हा शब्द चालत आला. पुढं २००० साली अमर्त्य सेन यांनी त्यात एक मोलाची भर घातली. ते म्हणाले, काही माणसांना दाराबाहेर ठेवलं जातं, तर काहींना आत घेतलं जातं, पण फार जाचक अटींवर. वर्गात हे वाचून दाखवताना माझ्या डोळ्यांपुढं फड उभा राहायचा. ऊसतोड कामगाराला कुणी वगळलेलं नाही. त्याच्याशिवाय कारखान्याचं धुराडं पेटत नाही. साखरेच्या धंद्यात तो पार आतवर आहे. पण कशा अटींवर?

पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मजुरांची टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. उचल जोडीला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्या माणसाचा अर्धा. म्हणून पोरगं कामाला लागलं की त्याचं लगीन लावतात, आणि मुलगी गावात एकटी मागं ठेवायची भीती वाटते म्हणून तिचंही लवकर उरकतात. पहाटे चारला फडात जायचं, ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन शिडीवरून गाडीत चढवायच्या. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. आजारी पडलं, एक दिवस चुकला, की खाडा. खाड्याचे पैसे उचलीतून कापतात. हंगाम संपतो, पट्टा पडतो, तेव्हा मुकादमाच्या वहीत बऱ्याचदा आपल्याच नावावर बाकी निघते आणि पुढच्या सालाला त्याच मुकादमाकडं जावं लागतं. माझ्या बापाच्या नावापुढं एके वर्षी जी बाकी राहिली, ती फिटायला तीन हंगाम गेले. ट्रॉलीत बसलेले माझे ते तीन हंगाम.

मायचं फडातलं रूप मला विसरता येत नाही. पाळीच्या दिवसांत ती लुगड्याच्या चिंध्या उसाच्या पाचटाखाली लपवून ठेवायची. धुवायला पाणी नाही, आडोसा नाही. अंग भरून यायचं, पण खाडा परवडत नव्हता. तिनं ते सगळं तोंड मिटून काढलं. तिच्यानंतरच्या बायांना वेगळा रस्ता दाखवला गेला, पिशवी काढून टाकायचा. २०१९ साली यावर ओरड झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य खात्यानं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. बऱ्याच जणी तिशी-पस्तिशीच्या.

वर्तमानपत्रांनी डॉक्टरांना धरलं. धरायलाच हवं, ज्यांनी पैशासाठी कर्करोगाची भीती घातली त्यांना माफी नाही. पण डॉक्टर बदलले की हे थांबेल, असं मला वाटत नाही. लवकर लगीन, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं, डोक्यावर ओली मोळी, फडात ना संडास ना पाणी, त्यातून अंगावरून जाणं आणि ओटीपोटात दुखणं, सरकारी दवाखाना लांब, दवाखान्याला गेलं की खाडा, खाडा झाला की बाकी. एवढ्या सगळ्यातून बाईला एकच दार उघडं दिसतं. ती स्वतःच्या पायांनी जाते आणि कागदावर अंगठा देते. तिच्या संमतीला संमती म्हणायचं का, हा प्रश्न मी वर्गात विचारायची. वर्गात उसाच्या फडातून आलेल्या पोरी असायच्या. त्या मान खाली घालायच्या, आणि तास संपल्यावर एखादी मागं थांबायची.

ऊसतोडीत फक्त दलित आहेत असं नाही. वंजारी आहेत, बंजारा आहेत, कोरडवाहू मराठा आहेत. डोंगर आणि दुष्काळ सगळ्यांना खाली ओढतो. पण कोण चार वर्षं जाऊन विहीर पाडतं आणि थांबतं, आणि कोण पिढ्यान्‌पिढ्या जातच राहतं, हे पाहिलं की जमीन कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. विहीर पाडायला आधी स्वतःचं रान लागतं.

म्हणूनच आमच्याकडं बदल आला तो जमिनीच्या वाटेनं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, मग १९६४ साली देशभर. आमच्या भागात हे काम नव्वदच्या दशकात एकनाथ आवाड यांनी उचललं. माजलगावकडच्या दुकडेगावचा हा मांगाचा पोरगा. बाप पोतराज, अंगावर आसूड ओढून घेणारा. आवाडांनी बापाच्या जटा कापल्या, तो प्रसंग त्यांच्या 'जग बदल घालुनी घाव' या आत्मकथनात आहे. त्यांच्या मानवी हक्क अभियानानं मराठवाड्यातल्या गावोगावच्या गायरानावर दलितांचे नांगर घातले. २०१५ साली ते गेले, तेव्हा माझ्या चुलत्यानं, नानानं, चूल पेटवू दिली नाही.

नानाची पत्र्याची पेटी हाच माझ्या अभ्यासाचा सगळ्यात मोठा दस्तऐवज. त्यात सोनं नाही, नाणं नाही, दंडाच्या पावत्या आहेत. ऐंशीच्या दशकात नानानं गायरानातले दोन एकर दगड वेचून नांगरले. सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलं म्हणून त्याला दरसाल दंड व्हायचा. कधी वीस रुपये, कधी पन्नास. गावातल्या लोकांनी दोनदा उभ्या पिकात गुरं सोडली. नाना दंड भरायचा, पावती घ्यायचा, घडी घालून पेटीत ठेवायचा. मी चिडून म्हणायची, "नाना, दंड कशाला भरता?" तो म्हणायचा, "पोरी, पावतीवर सरकारचा शिक्का हाये. ह्या सालात ही जमीन म्या कसली, ह्ये सरकारच लिवून देतंय."

१९९१ साली शासनाचा निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी झालेली भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं कायम करायची. पुरावा काय? पीक पाहणीची नोंद किंवा दंडाची पावती. नाना पेटी घेऊन तहसीलला गेला. ज्यांनी पावत्या जपल्या नव्हत्या त्यांचे हात रिकामे राहिले. नानाचाही सातबारा लगेच झाला नाही, खेटे घालण्यात कित्येक वर्षं गेली. पण ज्या वर्षी त्या रानात पहिल्यांदा बाजरीबरोबर कापूस निघाला, त्या वर्षी नानाच्या घरातून ट्रॉलीत कुणी बसलं नाही. त्याची दोन्ही पोरं शिकली. माझ्या बापाकडं रान नव्हतं. आमच्या घरात मी शिकले ती एका मास्तरांनी वसतिगृहात घातलं म्हणून. भाऊ तोडायला जात राहिला. एकाच आजोबांची ही दोन घरं, मधे फक्त दोन एकर दगडाळ रान.

पालीत आल्यावर मला वगळणुकीचं आणखी एक रूप पाहायला मिळालं. इथं दत्ता आणि संध्या बारगजे या दांपत्यानं उभी केलेली 'इन्फंट इंडिया' ही संस्था आहे, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचं घर. या मुलांना जातीनं नव्हे, आजारानं बाहेर काढलं, आणि काही वेळा तर सख्ख्या नात्यांनी. २००४ पासून सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळू लागलं, २०१७ साली भेदभावाला मनाई करणारा कायदा झाला. औषध घेत राहिलेलं मूल इतरांसारखंच वाढतं, शिकतं. एवढं असूनही शेजारच्या बाकावर कोण बसणार, हा प्रश्न उठतोच. विटाळाची जी सवय आपल्या हाडात भिनलीय, तिला नवा आजार भेटला की ती जुन्याच वाटेनं चालू लागते, असं मला वाटतं. पण मुलांना जेवू घालणारी, औषधाच्या वेळा सांभाळणारी, शाळेसाठी भांडणारी माणसं रोज उभी राहिली तर गावालाही हळूहळू त्यांची सवय होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

माहेरी मात्र पाटी आधी बदलली. २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावं काढण्याचा निर्णय सरकारनं घेतला. आमच्या मांगवाड्याचं अण्णा भाऊ साठे नगर झालं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मायनं पाटीला हळद-कुंकू लावलं. तोटी मात्र खड्ड्यातच होती.

गेल्या उन्हाळ्यात गावात नव्या पाणी योजनेचं काम निघालं. आमचा वॉर्ड राखीव असल्यानं नानाची सून ग्रामपंचायतीत आहे. दहावी झालेली, बोलायला शांत. ठेकेदाराची माणसं नेहमीसारखी टाकीपासून चर खणायला लागली. ही शिवणकामाची टेप घेऊन गेली, ट्रॉलीतून उतरवलेल्या पाइपांचं तोंड एकेक करून मोजलं आणि मापं वहीत लिहून घेतली. मग ग्रामसेवकांना म्हणाली, "भाऊसाहेब, आमच्या नगराची सगळी घरं आता नमुना आठला आहेत. माणसं मोजून पाइप धरा. आणि चर आमच्याकडनं खणा. पैसे संपले तर टाकीजवळचं काम राहू द्या, तिथलं मागनं होईलच." ग्रामसेवक हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या वीस-बावीस बाया घागरी घेऊन टाकीपाशी जाऊन बसल्या. माय त्यांच्यात होती, वय ऐंशीच्या पुढं.

तीन दिवसांनी चर आमच्या बाजूनं सुरू झाली. मी गेले तेव्हा माय दारात बसली होती आणि जुन्या नळाचा खड्डा नातू मातीनं भरत होता. "पुरता भरू नकोस रं," माय त्याला म्हणाली, "पाणी येऊस्तवर हात-दीड हात ऱ्हाऊ दे."